लेकांनी घडवलेला बाप

बरेच दिवस इथे काही लिहिले नव्हते. आधी डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, मग पावसाळा आला, आणि मग नुसताच आळस. परवा जाऊबाईंचा फोन आला, "काय गं, लिखाण बंद का तुझं?" तेव्हा म्हटले, आता बसावेच. आणि विषय काय, तर वायकिंग! हसू नका मंडळी. सत्तरी ओलांडलेल्या बाईने वायकिंगांवर लिहावे याला कारण आहे, आणि ते नेहमीचेच आहे. नातू.

लेक इंग्लंडात डर्बीला असते हे नातेवाइकांना ठाऊकच आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे तीन महिने होते. आपल्याकडे चौथीला जसे शिवाजी महाराज, तसे तिकडे प्राथमिक शाळेत वायकिंग शिकवतात. नातवाला शाळेतून प्रोजेक्ट होते, एका वायकिंगाची ओळख करून द्या. त्याने निवडला रॅग्नर लोथब्रोक. २०१३ ते २०२० अशी सात वर्षे 'वायकिंग्स' नावाची मालिका चालली, तिचा नायक. दहा वर्षांच्या मुलाने ती बघावी अशी मुळीच नाही, पण कुणा मोठ्या मित्राकडे तुकडे तुकडे बघितले होते वाटते.

एका संध्याकाळी मी शेंगा सोलत बसले होते. हा येऊन म्हणाला, "आजी, तू हिस्टरी टीचर होतीस ना? मग सांग, रॅग्नर खरा होता का?"

मी म्हटले, "उद्या सांगते." बत्तीस वर्षे शिकवताना जिथे जिथे अडले तिथे तिथे हेच वाक्य कामी आले आहे.

मग जावयाच्या संगणकावर आणि गावच्या वाचनालयात आठवडाभर बसले. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण एकदा धागा लागला की सुटत नाही.

आधी गोष्ट सांगते, कारण गोष्ट फर्मास आहे. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिलेल्या रॅग्नरच्या सागेत ती येते. (सागा म्हणजे त्यांच्याकडचे गद्य आख्यान, आपल्या बखरीची आठवण होते.) एका सरदाराच्या थोरा नावाच्या मुलीपाशी एक छोटा साप असतो. तो वाढत वाढत एवढा मोठा होतो की तिच्या घराला वेटोळे घालून बसतो. जो त्याला मारील त्याला मुलगी. रॅग्नर केसाळ कातड्याची तुमान आणि अंगरखा शिवून घेतो, डांबरात उकळतो, वाळूत लोळतो आणि सापाला मारतो. विष अंगाला लागत नाही. लोथब्रोक म्हणजे केसाळ तुमानवाला! एवढ्या मोठ्या राजाचे हे नाव, नातवाला सांगितले तेव्हा दहा मिनिटे लोळून हसला.

थोरा लवकर वारते. मग रॅग्नरला नॉर्वेच्या किनाऱ्यावर एका दरिद्री म्हातारा-म्हातारीच्या झोपडीत एक सुंदर मुलगी सापडते. तो तिला निरोप धाडतो की भेटायला ये, पण कपडे घालून नको आणि उघडीही नको. जेवून नको आणि उपाशीही नको. एकटी नको आणि माणूस बरोबर घेऊनही नको. ती मासे धरायचे जाळे अंगाला गुंडाळून वर लांब केस सोडते, कांद्याची पात नुसती चाखते आणि कुत्र्याला बरोबर घेऊन जाते. हे वाचले आणि मला आधी हिरण्यकशिपू आठवला. दिवसा नाही रात्री नाही, घरात नाही बाहेर नाही, माणूस नाही पशू नाही. आपल्याकडे त्या कोड्यातून नरसिंह निघाला, त्यांच्याकडे राणी निघाली. असो.

हीच आस्लाउग. हिच्या पोटी रॅग्नरचे मुलगे: ईवार, ब्यर्न, ह्वीटसेर्क, सिगुर्ड. ईवार जन्मला तो हाडांऐवजी कूर्चा घेऊन, म्हणून त्याला 'बिनहाडाचा ईवार' म्हणतात. चालता येत नसे, दांड्यांवर उचलून न्यावे लागे, पण डोके सगळ्यांत त्याचेच चाले. पुढे सरदार रॅग्नरचे कान भरतात की शेतकऱ्याची पोर राणी म्हणून शोभत नाही, आणि तो दुसरा विवाह ठरवून येतो. तेव्हा आस्लाउग सांगते की ती शेतकऱ्याची नव्हेच, ड्रॅगन मारणाऱ्या सुप्रसिद्ध सिगुर्डची मुलगी आहे. लहानपणी तिला वीणेसारख्या एका वाद्याच्या पोटात लपवून आणले होते. पटत नसेल तर बघा, आता होणाऱ्या मुलाच्या डोळ्यात साप दिसेल. आणि तसा तो दिसतो.

मुलगे मोठे होतात, सगळीकडे त्यांचाच बोलबाला होतो. आणि इथे बापाला काय वाटावे? मत्सर! मुलांची कीर्ती आपल्याहून मोठी होईल म्हणून तो फक्त दोन जहाजे घेऊन इंग्लंड जिंकायला निघतो. बायको नको नको म्हणते, तो ऐकत नाही. (नवऱ्यांबद्दल इथे मी काही लिहीत नाही, आमचे हे पण ब्लॉग वाचतात.) नॉर्थम्ब्रियाचा राजा एल्ला त्याला पकडून सापांच्या खड्ड्यात टाकतो. ज्याने सापाला मारून नाव कमावले तो सापांच्याच तोंडी जातो, पण मरतामरता सांगून जातो की पोरांना कळले की ती गप्प बसणार नाहीत.

निरोप पोचतो तेव्हाचा प्रसंग मला फार आवडला. ब्यर्नने भाल्याचा दांडा असा आवळला की बोटांचे ठसे उमटले. ह्वीटसेर्क पटावर खेळत होता, त्याने सोंगटी एवढी दाबली की नखांतून रक्त आले. सिगुर्ड चाकूने नखे कापत होता, बातमी ऐकता ऐकता हाडापर्यंत कापत गेला तरी त्याला कळले नाही. आणि ईवारने काय केले? त्याने बारीकसारीक सगळे विचारून घेतले. फक्त चेहऱ्याचा रंग बदलत राहिला, लाल, निळा, मग पांढरा. बत्तीस वर्षे वर्गावर काढलेली बाई सांगते, अशा चार मुलांत भीती कोणाची बाळगावी हे लेखकाला नेमके माहीत होते.

मग सूड. एल्लाला कसे मारले याचे जे भयंकर वर्णन मालिकेत दाखवतात ते मी लिहीत नाही. रॉबर्टा फ्रँक या विदुषींनी १९८४ मध्ये असे मत मांडले की एका जुन्या कवितेतल्या अवघड रचनेचा नंतरच्यांनी चुकीचा अर्थ लावला आणि त्यातून ती शिक्षा जन्मली.

आता यात खरे किती?

मुलगे खरे. अगदी खरे. ८६५ मध्ये डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरली. ८६६ च्या नोव्हेंबरात तिने यॉर्क घेतले. तेव्हा नॉर्थम्ब्रियात गादीसाठी दोन राजे भांडत होते, त्यांतला एक हा एल्ला. शत्रू दारात आल्यावर दोघे एक झाले आणि मार्च ८६७ मध्ये यॉर्क परत घ्यायला गेले, तिथे दोघेही लढाईत पडले. खड्डा नाही, साप नाही. ८६९ मध्ये पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड मारला गेला, तो पुढे संत झाला. आयर्लंडच्या बखरीत ८७३ साली ईमार नावाच्या राजाच्या मृत्यूची नोंद आहे. आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या सगळ्या नॉर्स लोकांचा राजा असे त्याला म्हटले आहे. तो ईवारच असावा असे बहुतेकांना वाटते. हाफदान नावाचा आणखी एक भाऊ होता, सागेने त्याला जवळजवळ विसरून टाकले आहे. त्याने ८७६ मध्ये नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटली आणि ती माणसे नांगर धरून शेती करू लागली. मला या सगळ्या रक्तपातात ही एक ओळ फार मोलाची वाटली. ब्यर्न नावाचा एक म्होरक्या ८५८ मध्ये फ्रान्सच्या राजापुढे निष्ठेची शपथ घेऊन गेला, हेही तिथल्या बखरीत आहे.

पण त्या काळच्या इंग्लिश बखरीत एक गंमत आहे. ८७८ मध्ये डेव्हनला एक डॅनिश सरदार मारला गेला, त्याची ओळख ईवार आणि हाफदान यांचा भाऊ अशी दिली आहे. भाऊ म्हणून. बापाचे नाव नाही. त्या पिढीच्या कुठल्याच नोंदीत या भावांच्या बापाचे नाव नाही.

रॅग्नर नावाचा कुणीच नव्हता असेही नाही. मार्च ८४५ मध्ये, ईस्टरच्या सुमारास, या नावाचा एक म्होरक्या १२० जहाजे घेऊन पॅरिसवर चालून गेला आणि राजा टकल्या चार्ल्सकडून सात हजार पौंड चांदी घेऊनच परतला. पण तो लगेचच रोगाने मेला. मग ८६६ साली यॉर्कला मुले कोणाचा सूड घ्यायला गेली? आणि एल्ला तर ८४५ मध्ये राजाही नव्हता.

बापाचे नाव येते ते दोनशे वर्षांनी. १०७० च्या आसपास नॉर्मंडीच्या एका भिक्षूने ब्यर्नच्या बापाचे नाव लोथब्रोक दिले. थोड्याच वर्षांत जर्मनीतल्या ब्रेमेनच्या अॅडमने ईवारचा बाप म्हणून तेच नाव दिले. नुसते लोथब्रोक, रॅग्नर नाही. रॅग्नर आणि लोथब्रोक ही दोन नावे प्रथम एकत्र आली ती बाराव्या शतकात, आइसलँडच्या आरी या विद्वानाच्या छोट्याशा इतिहासग्रंथात. मग १२०० च्या सुमारास डेन्मार्कच्या साक्सोने त्याला ढालकरीण लागेर्था ही बायको दिली, आणि आइसलँडच्या सागेने आस्लाउग दिली. म्हणजे जसजसा काळ लोटला तसतसा बाप भरत गेला! आधी नाव, मग तुमान, मग बायका, मग साप. १९५८ च्या सिनेमात त्याला अर्नेस्ट बोर्गनाइनचा चेहरा मिळाला, आणि मालिकेने त्याला नॉर्मंडीचा रोलो हा भाऊही जोडून दिला, ज्याचा करार ९११ चा आहे.

आणखी एक मजा. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कने बेटांवर मेसहाउ नावाचे पाच हजार वर्षांपूर्वीचे दगडी थडगे आहे. बाराव्या शतकात काही नॉर्स लोक आत शिरले आणि भिंतींवर आपल्या लिपीत कोरून गेले. (किल्ल्यांवर नावे कोरणारे सगळीकडचेच!) त्यात लोथब्रोकचा आणि त्याच्या शूर मुलांचा उल्लेख आहे. पण 'त्याचे मुलगे' असे नाही, 'तिचे मुलगे' असे आहे. लोथब्रोक हा शब्दच त्यांच्या भाषेत स्त्रीलिंगी, म्हणून तसे झाले असेल. पण काही अभ्यासकांना वाटते की मुळात लोथब्रोक हे बाईचे नाव असावे. म्हणजे ज्या बापाला आपण शोधतो आहोत ती कदाचित आई! बाराव्या शतकातलीच आणखी एक बखर सांगते की या भावांचा कावळ्याचे चित्र असलेला झेंडा त्यांच्या तीन बहिणींनी एका दिवसात विणला होता. एवढ्या विणकरणींची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

बाप का लागला असेल? नॉर्वेच्या राजांनी आपली वंशावळ डोळ्यात साप असलेल्या सिगुर्डमार्फत आस्लाउगपर्यंत आणि तिथून ड्रॅगन मारणाऱ्या वीरापर्यंत नेऊन भिडवली. गादीला असे मूळ लागते. आपल्याकडेही कुलवृत्तांत छापायला घेतला की मूळपुरुष शोधतातच, आणि तो कधी साधा माणूस निघत नाही.

इथपर्यंत वाचून झाले तेव्हा उत्तर तयार होते. "नाही बाळा, रॅग्नर खरा नव्हता." पण ते तोंडातून निघेना. का ते सांगते. हे मी घरात कुणालाच सांगितलेले नाही.

१९८० च्या आसपासची गोष्ट. सहावीच्या वर्गावर होते. एक मुलगा होता, शांत, अक्षर मोत्यासारखे. तो मुलांना सांगे की त्याचे बाबा बोटीवर आहेत, आफ्रिकेला जातात, येताना घड्याळ आणणार आहेत. दाखला घेताना त्याच्या आईने मला सांगितले होते की नवरा मूल वर्षाचे असतानाच घर सोडून गेला, पत्ता नाही. एके दिवशी वास्को द गामा शिकवत होते. फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढला होता. हा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माझे बाबा पण त्याच वाटेने जातात." त्या दिवशी माझे डोके का फिरले होते ते आता आठवत नाही. मी म्हटले, "इतिहासाच्या तासाला खोटं चालत नाही. बस खाली." वर्ग हसला. तो बसला. वर्षभर त्याने माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. सातवीत तो शाळा सोडून गेला.

मी बोलले ते खरेच होते. पण त्याला बाप हवा होता, आणि तो त्याने जमेल तसा घडवला होता, बोटीपासून घड्याळापर्यंत. ते मला तेव्हा दिसले नाही. सागेतले रॅग्नरचे मुलगे वाचताना मला तोच मुलगा दिसत राहिला.

म्हणून मी नातवाला उत्तर दिलेच नाही. म्हटले, "चल, आपण बघू." डर्बीहून रेप्टन हे गाव बसने जवळच आहे. (डर्बी हे नावही डेन लोकांचे बरं का. ज्या गावांच्या नावाशेवटी 'बी' येते ती बहुतेक त्यांची.) ८७३ च्या हिवाळ्यात या फौजेने रेप्टनला मुक्काम ठोकला, तिथल्या राजाला हाकलले, तो रोमला पळाला. तिथल्या चर्चखाली राजांना पुरण्याचे तळघर आहे, आठव्या शतकातले. पायऱ्या उंच, छत ठेंगणे. मी गुडघ्याला हात लावत उतरले, नातू दोन उड्यांत खाली. आत चार नक्षीचे खांब आणि थंडगार शांतता.

बाहेर मार्टिन बिडल आणि त्यांच्या पत्नी बिर्थे यांनी १९७४ पासून १९८८ पर्यंत उत्खनन केले. एका ढिगाऱ्याखाली किमान २६४ माणसांची हाडे रचून ठेवलेली सापडली, बहुतेक पुरुष, अठरा ते पंचेचाळीस वयाचे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे खणणाऱ्या एका मजुराने सांगितले होते की मधोमध नऊ फुटी सांगाडा होता. आता तो नाही, पण बिडल यांना वाटले तो ईवारच असावा. हाडांचा काळ आधी जुना येत होता. २०१८ मध्ये कॅट जार्मन यांनी दाखवले की ही माणसे समुद्रातले मासे खूप खात, आणि समुद्रातला कार्बन जुना असतो, म्हणून हिशेब चुकत होता. दुरुस्त केल्यावर काळ फौजेच्या मुक्कामाशी जुळला. जवळच एका खड्ड्यात चार मुले होती, आठ ते अठरा वर्षांची, पायाशी मेंढीचा जबडा. नातवाने विचारले, "आठ वर्षांचा मुलगा लढायला आला होता?" मी म्हटले, आला की आणला, ते माहीत नाही.

आणि चर्चच्या भिंतीशी दोन थडगी. एकात पस्तीस ते पंचेचाळीसचा पुरुष, गळ्यात थॉरच्या हातोड्याचे लहानसे ताईत, शेजारी तलवार. डोक्यावर घाव, मांडीवर खोल घाव. त्याच्या बाजूला सतरा ते वीसचा तरुण. आनुवंशिक तपासणीवरून ते बापलेक ठरले.

नातू बराच वेळ त्या गवताकडे बघत उभा होता. मग म्हणाला, "यांची नावं काय?"

"ठाऊक नाहीत. एक-दोन राजांची नावे सुचवली आहेत, पण खात्री नाही."

"म्हणजे हे खरे आहेत, पण नावं नाहीत. आणि रॅग्नरचं नाव आहे, पण…"

मी काही बोलले नाही.

बसमध्ये परतताना त्याने सगळे प्रश्न काढले. मग रॅग्नर कुणी बनवला? मुलांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी, मी म्हटले, दोनशे-तीनशे वर्षांनी. का? मुले एवढी मोठी, तर बाप कोण होता असे लोक विचारत असणार. हे खोटे बोलणे झाले का? मी म्हटले, तुला काय वाटते? तो म्हणाला, "सगळं नाही."

प्रोजेक्ट त्याने बदलले नाही. मुखपृष्ठावर केसाळ तुमानीतला रॅग्नर काढला, आत मुलांची माहिती सालांसकट लिहिली, आणि शेवटच्या पानावर रेप्टनच्या बापलेकांचे चित्र काढून खाली नावांसाठी दोन ओळी मोकळ्या सोडल्या. बाईंनी त्यावर काय शेरा दिला ते त्याने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. पुढच्या खेपेला यॉर्कला न्यायचे कबूल केले आहे. गुडघ्यांनी साथ दिली तर जाऊ.